डावखुरी

१

भूपेश गुरनुले सकाळी उठला की आधी शेडचं दार उघडायचा आणि मग तोंड धुवायचा. त्याच्या बायकोचा, गोकुळाचा राग शेडमधल्या गाडीवर नव्हता, या क्रमावर होता. "पह्यले देवाले तरी हात जोडा," चहाचा कप शेडच्या उंबऱ्यावर ठेवत ती म्हणायची, "का आता हेच दैवत झालं?"

दैवत म्हणजे एक बसकी, लांब नाकाची, दोन दारांची आणि दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार. पत्र्याला गंज इतका की टिचकी मारली तर पापुद्रे पडावेत. कंपनीचा बिल्ला कधीच गळून गेलेला.

माजरीच्या कोळसा खाणीत डंपरची इंजिनं दुरुस्त करण्यात भूपेशची हयात गेली, आणि त्याच्या शिफ्टच्या भोंग्यावर गोकुळाची. रिटायर झाल्यावर दोघांनी सिंदेवाहीला घर बांधलं. मुलगी रिंकू लग्न होऊन पुण्याला गेली. आता उरलेलं आयुष्य निवांत, एकमेकांसोबत काढायचं ठरलं होतं. तो निवांतपणा जेमतेम एक उन्हाळा टिकला. आलापल्लीकडे एका लग्नाला गेला असताना भूपेशला एका जुन्या लाकूड-ठेकेदाराच्या बंगल्यामागे, सागाच्या पाचोळ्यात बुडालेली ही गाडी दिसली, आणि तो लग्नाचं जेवण विसरला.

जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं विचारलं, घेऊ का? एकानं लिहिलं, पार्ट मिळणार नाहीत. दुसऱ्यानं लिहिलं, पार्ट मिळतील, पण तोवर तुम्ही मिळणार नाही. तिसऱ्यानं लिहिलं, दिमाग से मत लेना, दिल से लेना. भूपेशनं तिसऱ्याचं ऐकलं. सल्ला विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर आधीच असतं, सल्ला नुसता सोबतीला लागतो.

ठेकेदाराची म्हातारी सून गाडी द्यायला लगेच तयार झाली. तिनं एकच चौकशी केली.

"चालवणार कोण?"

"मीच."

"एकटेच ना?"

"बायको हाये ना घरी. तिले बसवून फिरवीन म्हणतो."

म्हातारीनं गाडीच्या उजवीकडे पाहिलं. गाडी डावखुरी होती. स्टिअरिंग डाव्या हाताला, त्यामुळे शेजारच्या माणसाची जागा उजवीकडे, आपल्याकडे जिथं ड्रायव्हर बसतो तिथं. पण त्या जागी सीटच नव्हती. उघडा पत्रा आणि बोल्टची भोकं.

"ती सीट नका बनवू," म्हातारी म्हणाली. "एकट्यापुरती चांगली हाय गाडी."

भूपेशला वाटलं, बिचारी आपल्याला खर्चातून वाचवते आहे. त्यानं हसून मान हलवली, आणि घरी येऊन गोकुळाला शब्द दिला: लवकर येणारा हलका धान निघाला की नव्या तांदळाचं नवं खायला तुझ्या माहेरी, मूल गावाच्या रस्त्यानं, याच गाडीतून.

"एवढे साल तुमची वाट पाहण्यात गेले," गोकुळा म्हणाली. "आता या डबड्याची पाहू. पण एक सांगून ठेवते. तवा मी बसून पाहीन. मले बरं वाटलं तर ठेवा. नाई वाटलं तर ते डबडं राहीन, नाई तर मी राहीन."

ती हसत म्हणाली होती. पण गोकुळा हसत जे म्हणायची तेच खरं असायचं, हे भूपेशला पक्कं ठाऊक होतं.

२

पत्र्याचं काम गफ्फारभाईकडे गेलं. गफ्फारभाई हा गावातला जुना डेंटर. दोघांची मैत्री अशी की एकमेकांच्या कामात खोट काढल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे. गाडीचं अंग सुटं करता करता त्याला दोन गोष्टी सापडल्या.

पहिली, उजवीकडच्या तळपत्र्यावर एक पोचा. उजवा पाय सरळ सोडला तर जिथं टेकेल तिथंच, टाचेपासून चवड्यापर्यंत, एका पावलाएवढा खोल. त्या जागेचा रंग घासून गेलेला, पत्रा कागदासारखा झालेला.

"इथी पायडल होतं का भाऊ?" गफ्फारभाईनं विचारलं.

"पायडल कसं राहीन? ही बाजू तर बसणाऱ्याची."

गफ्फारभाईनं मागचा पत्रा बोटांनी चाचपला. जोड नाही, भोक नाही. मग तो खो-खो हसला. "समझ में आया. बाजूवाला डरत असन. माझी बायको नाई का, मी स्कूटर जोरात घेतली का मागं बसून पाय दाबते. ब्रेक नसला तरी दाबते. डर के मारे."

भूपेशही हसला. खरंच होतं ते. शेजारी बसणारा प्रत्येक माणूस नसलेला ब्रेक दाबतोच. पण पत्र्याला पोचा पडेपर्यंत? चपलेच्या पावलानं लोखंड बसवायचं तर किती वेळा दाबावं लागेल, आणि किती जीव खाऊन? हा हिशेब त्याच्या डोक्यात आला आणि त्यानं तो तिथंच सोडला. गफ्फारभाईनं खालून लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडीनं पोचा सपाट केला.

दुसरी गोष्ट हँडब्रेकची. दोन सीटांच्या मध्ये त्याचा नुसता बुंधा उरला होता. भूपेशला वाटलं गंजून तुटला असेल. गफ्फारभाईनं बोट फिरवलं.

"तुटला नाई. आरीनं कापला कोणी तरी."

"काऊन कापीन कोणी ब्रेक?"

"मले काय मालूम. बाजूवाला हात घालत असन."

या वेळी हसणं जरा उशिरा आलं. भूपेशनं नवा दांडा बसवून घेतला.

डावी सीट मात्र त्यानं कोणाला शिवू दिली नाही. जुनं तपकिरी चामडं, मधोमध बसणाऱ्याच्या अंगाचा खळगा. जुनी गाडी उभी करणाऱ्यांचा धर्मच असा की जे मूळ आहे ते राखायचं. पहिल्यांदा त्या सीटवर बसला तेव्हा तो खळगा त्याला मापानं शिवल्यासारखा बसला. पाठीला इतका आराम खाणीतल्या तीस-पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता. तो तसाच बसून राहिला, आणि भात वाढून ठेवलेल्या गोकुळाच्या हाका त्याला ऐकू आल्या नाहीत.

३

इंजिन बोललं त्या दिवशी भूपेशनं देवाला नारळ फोडला आणि गोकुळाला पेढा दिला. दुसऱ्या दिवशी रंग नसलेली, उजवी सीट नसलेली, स्पीडचा काटा मेलेला अशी ती उघडीबोडकी गाडी घेऊन तो मूल रस्त्याला बाबुलालच्या टपरीपर्यंत गेला.

बाबुलाल त्याच्या ओळखीचा. गाडी झाडाखाली उभी राहिली तसा तो हातात दोन ग्लास घेऊन आला.

"भूपेशभाऊ! म्या म्हटलं कोण मालक आला. घ्या." एक ग्लास त्याच्या हातात देऊन तो दुसऱ्या बाजूनं निघाला. "अन् हा तुमच्या ड्रायव्हरले."

"ड्रायव्हर कोण बापा? मीच चालवून राह्यलो. हे पाय, स्टिअरिंग इकडं हाय."

बाबुलाल थांबला. वाकून आत पाहिलं. उजवीकडे पत्रा, एक पाना आणि पुसायचं फडकं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे बापा! सवयच तशी लागली ना डोळ्याले. त्या बाजूनं ड्रायव्हर असतेच."

दोघं पोट धरून हसले. दुसरा चहाही भूपेशनंच घेतला.

घरी परतल्यावर गोकुळानं घड्याळाकडे पाहिलं. "गेले नाई का मंग?"

"गेलो ना. चहा पण घेतला, दोन दोन."

"इतक्या लवकर?"

तेही खरं होतं. भूपेश म्हणजे बैलगाडीनंही मागून घंटी वाजवावी असा हळू चालवणारा माणूस. चढ आठवत होता, टपरी आठवत होती, पण परतीचा रस्ता कसा सरला ते काही केल्या आठवेना. इंजिन चांगलं जमलं म्हणायचं, असं तो स्वतःशी म्हणाला. मेकॅनिकला स्वतःची स्तुती नेहमीच पटते.

४

सुकरीबाई तलावाची मासळी घेऊन दारावर यायची. एक दिवस तिनं टोपली उतरवली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या मालकानं ड्रायव्हर ठेवला म्हणे. चांगला ठेवला, पण लई भित्रा हाय बाप्पा."

आमच्याकडच्या बायका नवऱ्यालाही मालकच म्हणतात. गोकुळा तडक शेडमध्ये आली. "ड्रायव्हर ठेवला अन् मले सांगतलं नाई? अन् मी अजून त्या गाडीत टेकली पण नाई!"

भूपेशनं तिला खाली बसवून सगळी गंमत समजावून सांगितली. माणूस डोळ्यांनी थोडं बघतो आणि सवयीनं जास्त. उजवीकडे ड्रायव्हर हे इतकं पक्कं बसलेलं की जागा रिकामी असली तरी मन माणूस भरतं. खाणीत नव्हतं का व्हायचं? तिसऱ्या पाळीच्या धुळीत डंपरवाल्यांना समोर माणूस दिसायचा, ब्रेक मारून उतरून बघावं तर दगड.

गोकुळाला पटलं. तिनं मासळी घासायला घेतली. थोड्या वेळानं आतूनच तिचा आवाज आला.

"सवयीनं ड्रायव्हर दिसते, मानलं. पण भित्रा काऊन दिसन?"

बोळ्यानं भूपेश जी नळी पुसत होता, ती त्यानं पुन्हा पुसली.

५

रंगाला द्यायच्या आधी गाडी चालवत गफ्फारभाईकडे न्यायची होती. वर्कशॉप रस्त्याच्या टोकाला. गफ्फारभाई बाहेर खुर्ची टाकून बसला होता आणि त्याला गाडी दुरून, सरळ समोरून येताना दिसली.

भूपेश उतरला तेव्हा गफ्फारभाई उभा होता. चहा सांगितला नाही, खोट काढली नाही.

"काय धावडवली भाऊ गाडी! मरायचं हाय का?"

"मी? सायकलच्या चालीनं आलो."

"अन् संगं कोण होता? कुठी उतरवला त्याले?"

भूपेशला हसू आलं. "गफ्फारभाई, तुमी पण? अजी तुमीच तर ठोकली हे गाडी. डावखुरी हाय ना ती."

"मले मालूम हाय ती डावखुरी हाय," गफ्फारभाई म्हणाला. "म्या ड्रायव्हर नाई म्हटला. बाजूत बसला होता तो म्हटला. दोन्ही हातानं दरवाजा धरून. मले वाटलं कुशनवाल्या वाजिदले आणलं तुमी मापं घ्याले."

भूपेशची सगळी समजूत एका सवयीवर उभी होती, आणि त्या सवयीला न फसणारा गावातला एकच माणूस त्याच्यासमोर उभा होता.

"ऊन चमकलं असन काचेवर."

"असन." गफ्फारभाईनं गाडीचं उजवं दार उघडलं. खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. सपाट केलेला पोचा परत आला होता. पावलाएवढा. या वेळी चवड्याकडे जास्त खोल.

"पत्रा आपला जुना पोचा विसरत नाई," भूपेश घाईनं म्हणाला. "तुमीच म्हणता ना नेहमी. गरम झाला का परत येते."

"म्हणतो. पण तो थोडासा येते भाऊ. इतला नाई येत." मग, भूपेश निघाला तेव्हा, गफ्फारभाईनं हळूच सांगितलं. "एक बोलू? जो डरते ना, तो सामनेच्या रस्त्याकडं पायते. तो तुमच्याकडं पाहून राह्यला होता."

६

जुनी गाडी उभी करण्यात अर्थ आहे का, याचा विचार भूपेशनं त्या आठवड्यात जितका केला तितका गाडी घेण्याआधी केला असता तर ती अजून पाचोळ्यातच राहिली असती. नवी गाडी कोरी असते. जुनी गाडी कोणाची तरी असते. तिच्या दाराला कोणाचा हात लागलेला, क्लचला कोणाची सवय पडलेली. आपण रंग खरवडतो, नळ्या बदलतो, वायरी ओढतो, आणि म्हणतो की माझ्या हातानं उभी केली. पण जे बदलत नाही, मूळ म्हणून कौतुकानं ठेवतो, ते कोणाचं? मालकी बदलली असं कोणाला सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं मानलं नाही तर?

त्यानं ठरवलं, उजवी सीट बनवायचीच नाही. म्हातारी तेच म्हणाली होती. गोकुळाला सांगितलं, यंदा नवं खायला बसनं जाऊ.

गोकुळा सूप बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसली.

"का झालं? लोकं बोलून राह्यले म्हणून?"

त्यानं गफ्फारभाईचं सगळं सांगितलं. लपवून ठेवायची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

गोकुळानं शांतपणे ऐकलं. "तुमाले उजवीकडचं भेव वाटून राह्यलं. मले नाई वाटत. मले तुमच्या बाजूचं वाटते."

"म्हंजे?"

"दुपारी तुमी गाडी बंद ठेवून त्या सीटवर जाऊन बसता. मी जेवाले बोलावते, तुमी ऐकत नाई. मी येऊन पाह्यलं. तुमचा उजवा पाय रेसवर दाबून असते. पुरा खालपर्यंत. अन् चेहरा..." ती थांबली. "घरी तुमचा चेहरा असा नाई. मी ओळखत नाई त्या माणसाले."

भूपेशला आठवेना की तो दुपारी शेडमध्ये जाऊन बसतो. जेवण झालं की आपण लवंडतो, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"विकून टाकतो," तो म्हणाला.

"टाकसान. पण कोणाले? अन् त्याच्या बाजूत कोण बसन?" गोकुळा उठली. "बनवा सीट. मी बसून पाहते, का हाय तिच्यात ते. तुमच्या बाजूत मी नाई बसन तं कोण बसन?"

वाजिदनं सीट चांगली बनवली. डावीचा फोमही बदलून देतो म्हणाला. भूपेश नको म्हणाला. का नको म्हणाला, ते त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

७

नवं खायला निघाले ती सकाळ लख्ख होती. बांधावर कापलेल्या धानाच्या पेंढ्या, हवेत तणसाचा वास. गाडी गडद हिरवी झाली होती आणि गावातल्या पोरीबाळी दारात येऊन बघत होत्या. गोकुळा नवं लुगडं नेसून, मांडीवर अनारशांचा डबा घेऊन उजवीकडे बसली. बसल्या बसल्या चपला काढून तिनं पाय वर घेतले आणि घरच्यासारखी मांडी घातली. वाहनात तिला पाय सोडून बसवतच नसे.

"हे का हाय?" तिनं दोघांमधल्या दांड्यावर हात ठेवला.

"हँडब्रेक. ओढला का मागचे चाकं जागच्या जागी."

"हे बरं हाय. माझ्याही हाताले येते."

गाव सरलं, रस्ता मोकळा झाला आणि दोन्ही बाजूंनी जंगल आलं. भूपेशला बरं वाटत होतं. बायको शेजारी, इंजिन सुरात, स्पीडचा नवा काटा खाली चाळिशीच्या आसपास डुलतो आहे. इतके दिवस उगाच घाबरलो, असं त्याच्या मनात आलं. पाठ खळग्यात रुतली. पाठीला आराम मिळाला.

"अजी, हळू."

"हळूच हाय."

"काट्याकडं पाहा."

त्यानं पाहिलं. काटा उजवीकडे कलंडला होता आणि अजून सरकत होता. भूपेशनं पायाला सांगितलं, उचल. रोजच्या माणसाला सांगावं तसं सहज सांगितलं. पाय उचलला गेला नाही. दुखत नव्हता, बधिर नव्हता. फक्त तो ऐकत नव्हता. सागाची झाडं एकमेकांत मिसळायला लागली.

"अजी! थांबवा ना!"

त्याला म्हणायचं होतं, मी नाही गं. तोंड उघडलं, पण तोंडातून हसू आलं. एक छोटंसं, समाधानाचं हसू, जे त्यानं आयुष्यात कधी हसलेलं नव्हतं.

मान तेवढी त्याची राहिली होती. ती वळवून त्यानं गोकुळाकडे पाहिलं. ती दोन्ही पाय वर घेऊन, डबा छातीशी धरून बसली होती. आणि खाली, तिच्या पायांखाली, तिच्या चपला. डावी आडवी पडलेली. उजवी सरळ, त्या पोच्याच्या जागी, नव्या पायपुसण्यावर. तिचा पट्टा वर उचललेला होता, पाय घातल्यावर उचलला जातो तसा. चप्पल पायपुसण्यात रुतत होती. सुटायची, आणि पुन्हा रुतायची. पुन्हा. पुन्हा. कोणीतरी जीव खाऊन दाबत होतं, आणि तिथं ब्रेक नव्हता.

भूपेशच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या चपलेतल्याची भीती त्याला त्या क्षणी कळली, आणि ती भीती या डाव्या सीटवर बसणाऱ्याची, हेही कळलं.

गोकुळानं डबा सोडला आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला.

८

गाडी गिरकी खाऊन, धूळ उडवत, तोंड सिंदेवाहीकडे करून रस्त्याच्या कडेला थांबली. अनारसे सगळीकडे सांडले होते. भूपेशनं किल्ली फिरवली, काढली, दार उघडलं आणि चिखलातून पाय उपसावा तसा स्वतःला त्या सीटमधून उपसून काढलं. रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो लहान पोरासारखा रडला.

"मी नव्हतो गोकुळा. माझा पाय..."

"मले माहीत हाय." तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग ती गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेली, तिथलं दार सताड उघडलं, आणि रिकाम्या सीटकडे पाहून, दारावर आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं बोलली.

"उतरा बापा. झालं आता. उतरा."

वारा नव्हता. गरम इंजिनचा टिकटिक आवाज येत होता. थोडा वेळ ती दार धरून उभी राहिली, मग चपला घ्यायला खाली वाकली. पायपुसणं सपाट होतं. चपला तिथं नव्हत्या. सीटखालीही नव्हत्या. तिनं दार तसंच उघडं ठेवलं आणि अनवाणीच भूपेशजवळ आली.

मूलकडून एक सायकल आली. मुखरू, तिच्या माहेरच्या बाजूचाच, पण या दोघांना ओळखत नसलेला, मागं जाळं बांधून तलावावर निघालेला. तो थांबला आणि भूपेशला म्हणाला, "का ड्रायव्हरभाऊ, बिघडली गाडी?"

भूपेशनं मान हलवली. किल्ली त्यानं मुठीत इतकी आवळली होती की ती तळव्यात रुतली.

मुखरूनं गाडीकडे पाहिलं. उघड्या उजव्या दारातून पलीकडे, डाव्या बाजूला. पाहताच त्यानं डोक्याचा दुपट्टा काढला आणि वाकून जोहार घातला. जोहार कोणी घेतला नसावा. तो ओशाळून गोकुळाकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, उन्हात बसले ते. मालक नाई उतरत का?"

भूपेशनं मागं वळून पाहिलं नाही. गोकुळानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि मग नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"माझे मालक उतरले भाऊ," ती म्हणाली. "तो गाडीचा हाय. तो नाई उतरत."

आणि दोघं माहेरच्या वाटेनं पायी चालायला लागली.